सव्वादोन सेकंद

मशीनला स्मरणशक्ती होती सव्वादोन सेकंदांची.
तेवढ्यात मावेल ते आपलं,
बाकी सारं पुन्हा पुठ्ठ्याच्या पाकिटात.
खाली बेकरी. पहाटे तीनला भट्टी पेटली
की माझ्या खोलीची फरशी गरम व्हायची
आणि तबकडीच्या खाचांत बसलेलं पीठ
मी शर्टाच्या बाहीनं पुसायचो.

गेंटच्या रविवारच्या बाजारात
शंभर फ्रँकला एक खोकं, न निवडता.
त्यातून ड्रम घेतले ओहायोच्या लायनेल ग्रिग्जचे,
एकच ठेका, तोही
जिथे त्याचा पाय किंचित उशिरा पडला तो.
पियानो नेपल्सच्या कुठल्याशा लग्नातला,
मागे कुणीतरी बशी आपटतं.
ती बशी मी काढली नाही;
पुढे लोक नेमके तिच्यावरच टाळी देऊ लागले.
सगळंच उष्टं. पण भूक आमची होती.

आणि आवाज:
ऑस्टेंडची गोडलीव्ह फरस्ट्राट, साल सदुसष्ट,
पाकिटावर पांढरे हातमोजे,
नजर कॅमेऱ्याच्या जरा डावीकडे.
तेहेतीसची तबकडी पंचेचाळीसवर पळवायची,
म्हणजे बाई चिमणीसारखी चिवचिवते
पण जागा कमी खाते,
मग आत घेऊन तिला पुन्हा सावकाश करायचं.
अशी काटकसर.
तरीही ओळ मावेना.
ती गात होती, ‘मी थांबणार नाही’.
आमच्याही भाषेत नकार शेवटी येतो.
मशीन ‘थांबणार’पाशी भरलं.

मी थांबणार. मी थांबणार. मी थां थां थांबणार.
त्या उन्हाळ्यात खाटकाची पोरं, नर्सिंगच्या मुली,
सुटीवर आलेले शिपाई,
हात वर करून, घामाने निथळत
तिच्या वतीनं वचन देत होते,
कुणाला, ते कुणालाच ठाऊक नव्हतं.
मी लाल गाडी घेतली.
लायनेलचा पत्ता शोधला नाही.

अकरा वर्षांनी, वकिलाचा कागद घेऊन
मी मासळीबाजारात उभा.
ती कोळंबी सोलत होती, बोटांकडे न बघता.
कागद वाचला, आकडा वाचला,
भुवईसुद्धा हलली नाही.
मग म्हणाली, ‘माझा “नाही” कुठे ठेवलास?’
जागा नव्हती, मी म्हटलं.
‘जागा,’ ती म्हणाली,
आणि एक कोळंबी वाटीत टाकली.

‘बाकीची ओळ संगीतकाराची.
मला तेवढा एकच शब्द म्हणायचा होता.
काचेपलीकडे तो उभा,
माझा कोट हातावर घेऊन.
सात वेळा आवाज फुटला.
आठव्यांदा म्हटला
आणि गाणं संपायच्या आत निघाले, कोट न घेता.
फेब्रुवारी होता, बाळा. समुद्रावरचा फेब्रुवारी.’

एक गिऱ्हाईक आलं, पाव किलो तोलून गेलं.

‘तुझं ते गाणं त्यानंही ऐकलं असेल,’
आणि ती हसली, पहिल्यांदाच, सगळे दात दाखवून,
‘बसला असेल येडा कुठेतरी वाट बघत.’
सही केली.
त्या कागदाला अजून कोळंबीचा वास येतो.

आता यंत्रात काय हवं ते मावतं.
तिची अख्खी ओळ, अख्खी तबकडी,
दोन गाण्यांमधली खरखरसुद्धा.
नवी आवृत्ती काढ म्हणतात.
मी ‘नाही’ परत बसवून पाहिला:
ठेका अडखळतो,
बशी चुकीच्या जागी फुटते,
नाचायला उचललेला पाय काय करावं ते न कळून
हवेतच राहतो.

बेकरी केव्हाच बंद झाली. फरशी गार.
कधी रात्री मी ती तबकडी नुसतीच लावतो,
तेहेतीसवर, कुणाला काही न घेता.
शब्द येतो. व्हायोलिनं विरत जातात.
आणि अगदी टोकाशी, सुई उचलायच्या आधी,
कान देऊन ऐकलं तर
एक दार लागतं.

ते मात्र मी कधी उचललं नाही.